टेबलावरची अडीच फुटी लाइन आणि खिळ्यांचा हिशेब

एक मीटर मॉडेल रुळाला साधारण ६४ स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, लागतात. प्रत्येक स्लीपरला दोन्ही बाजूंचे मिळून चार खिळे धरले, तर मीटरभर रुळाला २५६ खिळे झाले. माझ्याकडच्या दोन फळ्या जोडून लांबी भरते २.४ मीटर, म्हणजे सहाशेच्या वर खिळे. खिळ्याचं डोकं पाऊण मिलिमीटरचं, स्लीपरला आधी भोक पाडायचं, मग चिमट्याने खिळा बसवायचा. दारव्हा तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाला बारीक तारेची सवय असते, त्यामुळे हे काम जमणार नाही असं मला वाटलं नव्हतं. पण करायचं का, कुठे करायचं आणि कुठे नाही, हे ठरवायलाच मला सगळ्यात जास्त विचार लागला. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या भागात रेल्वे म्हटलं की शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, दोन्ही अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर. किलिक निक्सन कंपनीने १९१० साली त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, ती वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायला. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं, त्यानंतर डिझेल आलं. माझे मामा याच लाइनीवर गँगमन होते. मला मॉडेल करायचं होतं ते या लाइनीच्या धर्तीवरचं एक छोटं स्टेशन : एक मुख्य रूळ, एक सायडिंग (बाजूला वळणारा रूळ), एक फाटक. अमुक एका स्टेशनाची हुबेहूब नक्कल नव्हे, पण बघणाऱ्याने लगेच म्हणावं की हे आपल्याकडचंच.

पहिला निर्णय प्रमाणाचा. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:४८ प्रमाणात ते १५.८८ मिलिमीटर होतात. पण बाजारात चाकं आणि इंजिनाच्या चेसिस मिळतात त्या १६.५ मिलिमीटरच्या, कारण जगातलं सर्वात चालतं मॉडेल प्रमाण एचओ, आणि त्याचा रूळ तेवढा. म्हणजे माझी लाइन खऱ्यापेक्षा सहा दशांश मिलिमीटर रुंद. खऱ्यात मोजलं तर ३० मिलिमीटरचा फरक. जगभर अडीच फुटी लाइनींचं मॉडेल करणारे हा फरक पत्करतात, ऑन-३० म्हणून ही पद्धत रूढच आहे. मीही पत्करला. नाहीतर प्रत्येक आस, प्रत्येक चाक स्वतः घडवावं लागलं असतं, आणि एवढी मेहनत करून जो फरक पडला असता तो गेज लावल्याशिवाय कोणाला कळलाही नसता.

तयार रूळसुद्धा मिळतो. पेको कंपनीचा याच मापाचा लवचिक रूळ येतो, त्याचे स्लीपर अरुंद लाइनीसारखे आखूड-वेडेवाकडे असतात आणि तो टिकाऊ आहे. पण त्याचा रूळ कोड १०० चा, म्हणजे ०.१०० इंच, २.५४ मिलिमीटर उंच. गुणिले ४८ केलं की १२२ मिलिमीटर. हा झाला साठ ते पंचाहत्तर पौंडी (दर यार्डाला तेवढ्या वजनाचा) रूळ, जो आपल्याकडे मीटरगेजला असायचा. अरुंद लाइनीचा रूळ हलका, बुटका. कोड ७० चा रूळ १.७८ मिलिमीटर उंच असतो, खऱ्यात ८५ मिलिमीटर, म्हणजे चाळीस पौंडांच्या आसपास. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून डोळा टेबलाच्या पातळीला आणला की जाड रुळावरचा डबा एकदम खेळण्यातला दिसायला लागतो. रुळाच्या उंचीसाठी मी तडजोड केली नाही. कोड ७० चा जर्मन सिल्व्हरचा रूळ बाहेरून मागवला आणि स्लीपर स्वतः करायचे ठरवले.

इथे मामांचं एक वाक्य मला फार उपयोगी पडलं. मी त्यांना घेऊन गावाबाहेरच्या जुन्या लाइनीवर गेलो होतो. हेतू हा की खिळे कसे, कुठल्या बाजूला, किती वाकडे, ते नीट बघून घ्यावं. रुळाशी बसून फोटो काढले. मग मनात हिशेब आला की मॉडेल आपण बघतो ते साधारण ६० सेंटीमीटरवरून. १:४८ प्रमाणात ते झाले जवळपास २९ मीटर. म्हणून रुळापासून तेवढी पावलं मोजून शेताच्या धुऱ्यावर उभा राहिलो. मामाही आले.

"काहून रे, इतक्या दुरून तुले खिळा दिसते काय?"

"नाही दिसत."

"मंग टेबलावर तो कोनाले दाखवतं?"

त्या धुऱ्यावरून काय दिसत होतं ते मी तिथेच वहीत लिहून घेतलं. रुळांच्या दोन बारीक रेघा. वरची कड आणि खालचा गंजका भाग यातला रंगाचा फरक. स्लीपरांची टोकं, तीही सगळी नाहीत, मधूनमधून माती-गवतात बुडालेली. स्लीपरांमधलं अंतर, ते डोळा फार चटकन पकडतो. गिट्टी वेगळी दगड म्हणून दिसत नव्हती, नुसता एक करडा खरखरीत पट्टा. आणि गवत, तरोटा, गाजरगवत. या यादीत खिळा कुठेच नव्हता. माझ्या मेहनतीची वाटणी मी या यादीवरून केली. पुस्तकातल्या चित्रावरून किंवा दुसऱ्या कोणाच्या मॉडेलवरून केली असती तर ती निराळी झाली असती.

मात्र एक गोष्ट या यादीत बसत नव्हती, आणि तीच मामांच्या लेखी पहिली होती. "गेज पाह्य आंधी. बाकीचं मंग." गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर. दिसणं आणि चालणं या दोन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा, हे मला तिथून कळलं. दिसण्यात निवड करता येते. जिथे नजर जाते तिथे जास्त करायचं, बाकी ठिकाणी कमी. चालण्यात अशी निवड नसते. मागच्या कोपऱ्यात, झाडाआड, कोणाला दिसणार नाही अशा जागीही रूळ १६.५ मिलिमीटरच हवा, कारण चाक रुळावरून पडताना आपल्याला कोण बघतंय हे पाहून पडत नाही. बारकावा आणि अचूकपणा या शब्दांची आपण सरमिसळ करतो आणि मग एकाच्या नावाखाली दुसऱ्यावर वेळ घालवतो.

आता प्रत्यक्ष काम. भारतीय रेल्वेत अरुंद लाइनीच्या लाकडी स्लीपरचं माप १५० बाय १८ बाय ११.५ सेंटीमीटर. ४८ ने भागलं की सव्वाएकतीस मिलिमीटर लांब, पावणेचार रुंद, २.४ जाड. जाडीतली निम्मी-अधिक गिट्टीत जाणार, म्हणून ती मी १.६ मिलिमीटरवर आणली. त्याला आणखी एक कारण होतं. दर पाचवा स्लीपर लाकडाचा न करता तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचा केला, आणि तो बोर्ड १.६ मिलिमीटरचाच मिळतो. रूळ या बोर्डाच्या स्लीपरांना कथलाचा डाग देऊन पक्का बसतो. मधले चार लाकडी स्लीपर नुसते चिकटवलेले, त्यांच्यावर भार नाही. म्हणजे लाइनीची सगळी ताकद आणि सगळं माप दर पाचव्या स्लीपरमध्ये. बोर्डाच्या प्रत्येक तुकड्यावर मधोमध कानशीने तांब्याला एक चर पाडायची, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतात. चर पाडल्यावर प्रत्येक तुकडा मल्टिमीटर लावून तपासला. दुकानात वाइंडिंग तपासायची हाताला सवय असल्यामुळे हे काम पटापट झालं.

लाकूड कुठलं घ्यावं यात थोडा वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला. आमच्याकडे साग भरपूर, सुताराकडे तुकडे फुकट मिळतात. पण सागाची रेषा जाड असते. पावणेचार मिलिमीटरच्या पट्टीवर ती रेषा खऱ्या स्लीपरमध्ये बोटभर रुंद भेग पडल्यासारखी दिसते. सुतारानेच सुचवलं की हळदू घे. हळदूचं लाकूड फार बारीक पोताचं, पूर्वी त्याच्या फण्या करायचे. त्याच्या पट्ट्या पाडून घेतल्या. रंगासाठी हिरडा कुटून रात्रभर पाण्यात ठेवला, दुसऱ्या बरणीत व्हिनेगरमध्ये लोखंडी घासणी विरघळू दिली. आधी हिरड्याचं पाणी, वाळलं की लोखंडाचं. हिरड्यातल्या तुरट अंशाचा लोखंडाशी संयोग होऊन लाकूड आतून करडं-काळं पडतं, वरून रंग फासल्यासारखं दिसत नाही. प्रत्येक पट्टीवर छटा थोडी वेगळी येते आणि उन्हात वाळलेले जुने स्लीपर असेच दिसतात. इतका चांगला परिणाम इतक्या कमी मेहनतीत दुसऱ्या कुठल्याच टप्प्यावर मिळाला नाही.

स्लीपर मांडताना दोन मध्यांतलं अंतर साडेपंधरा मिलिमीटर धरलं, खऱ्यातलं पाऊण मीटर. इथे मी मुद्दाम अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सोडला, टोकंही एका रेषेत आणली नाहीत. शकुंतलेच्या लाइनीचं रूप त्या वेडेवाकडेपणातच आहे. पण हा वेडेवाकडेपणा फक्त स्लीपर, गिट्टी, माती आणि गवत यांत ठेवायचा. रुळात नाही. काही जण जुनी लाइन दाखवायची म्हणून रूळच खालीवर करतात. खऱ्या डब्याला स्प्रिंग असते, टनांचं वजन असतं, ते चाकाला दाबून धरतं. माझा डबा मूठभर वजनाचा, त्याला तेवढासा उंचसखलपणाही पेलत नाही. मामा गँगमध्ये करायचे तसंच केलं : खाली वाकून एक डोळा रुळाच्या कडेला लावायचा आणि दूरपर्यंत बघायचं. बोटाला जे कळत नाही ते डोळ्याला असं कळतं. रूळ सरळ, आजूबाजूची जमीन ओबडधोबड. बघणाऱ्याला सगळी लाइनच डुगडुगती वाटते.

गेजसाठी लेथवाल्याकडून पितळी रोळी करून घेतली, तिच्यावर १६.५ मिलिमीटरच्या मापाने दोन खाचा. रुळांची डोकी खाचांत बसवायची, डाग द्यायचा, रोळी पुढे सरकवायची. आधी एक रूळ पूर्ण, मग दुसरा त्याच्या मापाने. डाग नेहमी बाहेरच्या बाजूने द्यायचा. आतल्या बाजूला कथलाचा गोळा राहिला तर चाकाची कड त्यावर चढते.

उन्हाळ्याचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. थंडीत सकाळी आमच्याकडे दहा-बारा अंश, मे महिन्यात पंचेचाळीस. जर्मन सिल्व्हर या फरकाने २.४ मीटरमध्ये सव्वा ते दीड मिलिमीटर वाढतं. मी काम थंडीत केलं, म्हणून रुळाच्या तीन जोडांत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवली. लाकडाचा त्रास उन्हाळ्यात आणखी वाढतो, कारण खोलीत कूलर लागतो. कूलरच्या ओलाव्याने फळी फुगते, बंद केला की आकसते. प्लायवूडला खालून-वरून-कडेने व्हार्निश दिलं, भोकांच्या आतूनसुद्धा. हे काम कोणाला कधीच दिसणार नाही. तरी ते मी अगदी मन लावून केलं, कारण ते चालण्याच्या खात्यातलं होतं.

सांध्याचं, म्हणजे गाडी सायडिंगला वळवणाऱ्या भागाचं, काम सगळ्यात किचकट. एकास सहाचं क्रॉसिंग घेतलं, म्हणजे सहा माप पुढे गेलं की रूळ एक माप बाजूला जातो. आपल्या रेल्वेत एकास साडेआठ किंवा एकास बारा अशी लांबलचक असतात, पण माझ्या फळीवर तेवढी जागा नव्हती आणि अरुंद लाइनीच्या छोट्या इंजिनाला सहाचं पुरतं. कागदावर आखणी काढून फळीवर चिकटवली. या भागातले सगळे स्लीपर बोर्डाचे, लाकडी एकही नाही. टंग रेल, म्हणजे सांध्यातला सरकणारा रूळ, कानशीने घासत घासत टोकाला पात्यासारखी केली, ती बाजूच्या रुळाला इतकी चिकटली पाहिजे की नखाला धार लागू नये. क्रॉसिंगच्या नाकाशी, म्हणजे दोन रूळ टोकाला मिळतात तिथे, चाकाची कड जायला सव्वा मिलिमीटरची फट. त्याहून जास्त ठेवली तर चाक खड्ड्यात उतरतं, कमी ठेवली तर अडकतं. समोर चेक रेल, जी चाकाला विरुद्ध बाजूने ओढून धरते आणि नाकावर आदळू देत नाही. या चेक रेलची जागा ठरवताना मी रोळीवर भागवलं नाही, चाकांच्या जोड्या हाताने पुढे-मागे ढकलून बघितल्या, एकेक डबा, मग दोन डबे, मग उलट दिशेने. गाडी ओढत नेण्यापेक्षा मागून ढकलताना दोष लवकर उघडा पडतो. या वीतभर भागाला बाकीच्या साऱ्या लाइनीइतका वेळ लागला असेल, आणि तो लागायलाच हवा होता.

पण गंमत बघा, त्याच सांध्यावर एकही खिळा नाही. सांध्याजवळ आल्यावर माणूस रुळाकडे बघतच नाही. त्याची नजर जाते सांधा बदलायच्या खटक्याकडे, वजनाचा गोळा असलेल्या त्या लिव्हरकडे. म्हणून लिव्हर मी जीव ओतून केली : तांब्याच्या तारेचा दांडा, टोकाला कथलाचा गोळा, त्याला पांढरा रंग, हाताने झिजलेल्या जागी तो थोडा उडवलेला. मामांनी ती बघितली आणि बोटाने ओढायला गेले.

मग खिळे मारलेच नाहीत का? मारले, फाटकाजवळ. तिथे रूळ फळीच्या पुढच्या कडेला येतो, मुलं तिथेच हनुवटी टेकवून बघतात, आणि फोटो काढणारा मोबाइल दहा सेंटीमीटरवर आणतो. दहा सेंटीमीटर म्हणजे खऱ्यात पावणेपाच मीटर. तिथून खिळा दिसतो. तो भाग ४५ सेंटीमीटरचा, त्यात २९ स्लीपर, ११६ खिळे. पण समोरून, खालच्या कोनातून बघितलं तर प्रत्येक रुळाची बघणाऱ्याकडची बाजूच दिसते, पलीकडचा खिळा रुळाच्या डोक्याआड जातो. म्हणजे स्लीपरला दोन, एकूण ५८. सहाशेवरून हिशेब साठाच्या आत आला. रिवाइंडिंगची २६ गेजची तार, टोक पकडीत दाबून चपटं केलेलं, काटकोनात वाकवलेलं, अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात चिकटवलेलं. आणि एवढेच असल्यामुळे प्रत्येक खिळा नीट झाला. सहाशे मारले असते तर दोनशेव्यानंतर हात आणि मन दोन्ही सुटले असते.

गिट्टी सोपी. लाकडी स्लीपरखाली ५० मिलिमीटरची गिट्टी वापरायचे, म्हणजे माझ्या प्रमाणात एक मिलिमीटर. क्रशरवरची काळ्या दगडाची चुरी आणून चहाच्या गाळणीने चाळली. आपल्या काळ्या दगडात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात, ते इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात, म्हणून जुन्या स्पीकरचं चुंबक चुरीतून फिरवून ते काढून टाकलं. फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडलं. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ते दाण्यांत मुरतं. मधल्या भागात गिट्टीवर चाळलेला मुरूम भुरभुरला, सायडिंगला तर स्लीपरच जवळजवळ झाकून टाकले. सायडिंगला अशाने तीन कामं वाचली : स्लीपर नीट रंगवणं, गिट्टी नीट बसवणं, खिळे मारणं. आणि ती मुख्य लाइनीपेक्षा जास्त खरी दिसते. काळी माती मात्र वापरली नाही, ती फेविकॉल पिऊन डांबरासारखी होते आणि वाळली की तडकते.

रुळाच्या बाजूंना गेरू, त्यात चिमूटभर काजळ. वरचा माथा पुसून लख्ख. सगळ्या २.४ मीटरला हे केलं, मागच्या कोपऱ्यातही, कारण धुऱ्यावरच्या यादीत ते वर होतं आणि एका संध्याकाळीत होतं. आणखी एक केलं. बारा मीटरचा रूळ धरून दर २५ सेंटीमीटरला माथ्यावर करवतीने केसाएवढी खाच घेतली. दिसत नाही. पण डबे त्यावरून जाताना जोडावरची खट-खट ऐकू येते, आणि जे लोक या गाडीत बसलेले आहेत ते आधी त्या आवाजाला थांबतात.

आता दोन्ही फळ्यांवरून एचओच्या चेसिसवर बेतलेलं डिझेल इंजिन चार डबे घेऊन जातं, सायडिंगला ढकलतं, परत येतं. तिसरी फळी कापून ठेवली आहे. तिच्यावर नाल्यावरचा छोटा पूल येणार, आणि पुलावर गिट्टी नसते. स्लीपर गर्डरवर उघडे, खालून-बाजूने सगळ्या अंगांनी दिसणारे. तिथे १.६ मिलिमीटरची जाडी चालणार नाही, पूर्ण २.४ ची घ्यावी लागेल, आणि खिळेही प्रत्येक स्लीपरला चार. पूल एक वीत लांबीचा आहे. हळदूच्या पट्ट्या सुताराकडे सांगून ठेवल्या आहेत.